‘फड’ आणि ‘बारी’ : रसिकांच्या दोन शब्दांचा अर्थविचार

कलाप्रकाराचे नाव घेताना रसिक त्या प्रकाराचे वर्णन करीत असतो की त्यावर अभिप्राय देत असतो, हा अर्थविचाराच्या दृष्टीने मोलाचा प्रश्न आहे. इंग्रजी भाषिक श्रोत्यांत ‘पॉप’ व ‘रॉक अँड रोल’ या शब्दांवरून होणारा वाद सर्वपरिचित आहे. तशाच स्वरूपाचा, पण आपल्या अधिक जवळचा भेद सातारा-सांगलीकडील तमाशारसिक करीत आले आहेत. तो म्हणजे ‘ढोलकी फड’ आणि ‘संगीत बारी’ यांमधील भेद होय. या दोन शब्दांनी रसिकांस नेमके काय अभिप्रेत असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात ऊसतोडीचा फड असतो, कुस्त्यांचा फड असतो आणि तमाशाचाही फड असतो. तिन्ही ठिकाणी मोकळी जागा, पुष्कळ माणसे आणि चारचौघांदेखत करावयाचे अंगमेहनतीचे काम हा अर्थांश समान आहे. फड रंगतो, गाजतो, जिंकला जातो. मतभेद झाले की तो फुटतो. ‘बारी’ या शब्दाचा मूळ अर्थ पाळी असा आहे. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामास असतात व त्या पाळीपाळीने रसिकांसमोर येतात. पाळीचे हे नाव लक्षणेने पाळी घेणाऱ्या पार्टीसच लागले. कोकणातील भजनाच्या ‘डबलबारी’तही हाच मूळ अर्थ टिकून आहे. सारांश, एक शब्द जागेवरून आला आहे, तर दुसरा क्रमावरून. दोहोंपैकी एकही संगीताच्या लक्षणावरून आलेला नाही.

तथापि अभ्यासक सामान्यतः बाह्य लक्षणांची यादी देतात. फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज ही वाद्ये असतात. बारीत पेटी, तबला व ढोलकी. फडाचा खेळ गण, गवळण, बतावणी, लावणी व शेवटी वग अशा क्रमाने चालतो. बारीत वग नसतो, गायन व नृत्य हेच सर्वस्व असते. फड जत्रांतून गावोगाव फिरतो. बारी पुण्याच्या आर्यभूषणसारख्या थिएटरात वा कलाकेंद्रात मुक्काम करते. फडात सोंगाड्या व वग रचणारा शाहीर यांस मान असतो. बारीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया केंद्रस्थानी असतात व पार्टीही बहुधा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ही यादी खोटी नाही. पण ती व्याख्या म्हणून पुरी पडत नाही. ढोलकी दोन्हीकडे वाजते. तीच लावणी दोन्हीकडे म्हटली जाऊ शकते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची कीर्ती गायन-नृत्यावर उभी होती. तरीही त्यांचा तमाशा फडाचाच मानला गेला. तेव्हा यादीतील एखादे लक्षण सुटले वा जादा आले, तरी रसिकाचा निर्णय बदलत नाही. तो निर्णय अन्य कशावर तरी आधारलेला असला पाहिजे.

येथे इंग्रजी शब्दांचे उदाहरण उपयोगी पडते. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे ‘टूटी फ्रूटी’ हे गीत १९५५ साली प्रसिद्ध झाले आणि १९५६ साली तेच गीत पॅट बून या गौरवर्णीय गायकाने म्हटले. गीत एकच, परंतु पहिले गायन अस्सल रॉक अँड रोल आणि दुसरे पॉपच्या साच्यात बसविलेले, असा निवाडा चाहते आजही देतात. त्यांचा रोख चालीवर नसतो. गाणारा कोण, तो कोणासाठी गातो आणि श्रोत्याला धक्का देतो की सांभाळून घेतो, यावर तो असतो.

फड आणि बारी यांच्या भेदाचे मर्मही गायक-श्रोता संबंधात आहे, असे मला वाटते. फड साऱ्या गावास उद्देशून बोलतो. सोंगाड्याचा विनोद पाटलावर, सावकारावर किंवा फौजदारावर असतो आणि त्याला हसणारा समुदाय एकत्र हसतो. सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी ‘जहरी प्याला’ या वगातील आपल्या भूमिकांच्या नावांनीच महाराष्ट्रभर ओळखली गेली, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. बारी याच्या उलट एकेका रसिकास उद्देशून असते. तो फर्माईश करतो, दौलतजादा करतो आणि एकच ओळ निरनिराळ्या अदांनी पुन्हा पुन्हा ऐकतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर (मृत्यू २०१८) यांची बैठकीची लावणी ही या कलेची श्रेष्ठ परंपरा होय. २०१२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या पार्टीचे नाव ‘यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी’ असे होते. त्यात ‘तमाशा’ हा शब्द नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अर्थ हा विरोधातून सिद्ध होतो, हे तत्त्व सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथापासून भाषाभ्यासात रूढ आहे. फडाचा रसिक ‘ती बारी आहे’ असे म्हणतो, तेव्हा ‘त्यात वग नाही, कथा नाही’ असे तो सुचवितो. बैठकीचा रसिक ‘तो फड आहे’ म्हणतो, तेव्हा ‘तेथे बारकावा शोधू नये’ असे त्यास म्हणावयाचे असते. वर्णन व मूल्यनिर्णय एकाच शब्दात वावरतात आणि कोणता अर्थ बलवान ठरेल, हे बोलणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून राहते.

या जोडीत पुढे ‘लोकनाट्य’ हा तिसरा शब्द आला आणि प्रश्न केवळ रुचीचा उरला नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून तमाशाचा घाट कामगारांच्या लढ्यासाठी वापरला. त्यांच्या अशा खेळांस लोकनाट्य हे नाव रूढ झाले. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य म्हणूनच शहरी रंगभूमीवर गाजले. घाट तमाशाचा, नाव मात्र संस्कृत. ‘तमाशा’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द नित्याच्या बोलण्यात निंदावाचक आहे. ‘तमाशा करू नकोस’ हा वाक्प्रयोग घराघरांत ऐकू येतो. नव्या नावाने घाटास प्रतिष्ठा मिळाली, परंतु तो घाट पिढ्यान्‌पिढ्या जपणारे मांग, महार व कोल्हाटी समाजांतील कलावंत तमासगीरच राहिले. पहिला वग मानला जाणारा ‘मोहना-बटाव’ (१८६५) सावळजच्या उमा-बाबू यांच्या नावाशी निगडित आहे, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. रेठरे हरणाक्ष येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) तमाशात गेले. त्यांचे नाव मात्र सर्वांच्या ओठी आहे.

चित्रपटाने आणखी एक अर्थपालट घडविला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) व ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांनंतर अनेकांच्या लेखी पडद्यावरील लावणी हीच लावणी ठरली. परिणामी मूळ प्रकारास ‘पारंपरिक’ वा ‘अस्सल’ हे विशेषण लावावे लागते. मूळ वस्तूसच विशेषणाची गरज भासू लागली, की शब्दावरील तिचा पहिला हक्क गेला असे समजावे.

यावरून संशोधकास एक व्यावहारिक धडा घेता येतो. ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत ‘लावणी, लोकसंगीत’ एवढेच लिहिल्याने वर्गीकरण होते, अर्थ मात्र हरवतो. कलावंत स्वतः आपल्या कलेस काय म्हणतो, श्रोता काय म्हणतो, आणि दोघेही कोणत्या दुसऱ्या प्रकाराच्या विरोधात तसे म्हणतात, या तिन्ही गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. ‘लोकनाट्य’ हा आमचा शब्द आहे. ‘फड’ व ‘बारी’ हे त्यांचे आहेत. आमचा शब्द वापरताना आपण कोणाचा मान वाढवितो आणि कोणाचे नाव पुसतो, याचे भान ठेवणे हाही शास्त्रीय काटेकोरपणाचाच भाग होय.