पिकअपचा डिझेल फिल्टर

डिझेल इंजिनात ठिणगी पडत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, म्हणून आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत, काही इंजिनांत त्याच्याही वर नेतात. एवढा दाब धरून ठेवायचा तर पंप आणि इंजेक्टर यांच्या आतल्या भागांत जेमतेम काही मायक्रॉनची फट ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारी धूळही तिथे पोलादावर ओरखडे काढते. तिला टाकी आणि पंप यांच्या मध्येच अडवणे, हे डिझेल फिल्टरचे काम.

नागपुरात प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागांतून रिंग रोडला लागणाऱ्या बोलेरो पिकअपसारख्या गाड्या कळमन्याला संत्री नेतात, कॉटन मार्केटला भाजी, हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, शेताच्या वाटेवर धुरळा उडतो आणि तो फिल्टरमध्ये साचतो, हे कुणालाही पटते. पण धुळीपेक्षा जास्त नुकसान पाणी करते, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

हे पाणी दर वेळी पेट्रोल पंपावरच्या भेसळीतून येते असे नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत उरलेल्या जागेत हवा असते. रात्री गारवा आला की तिच्यातली वाफ टाकीच्या पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि खाली ओघळते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साठते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की टाकीच्या झाकणाचे झिजलेले रबर त्यात भर घालते. रात्री गाडी लावण्याआधी टाकी भरून ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय म्हणूनच शहाणपणाची आहे. पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. पाणी आत गेले की ते वंगण तुटते, गंज धरतो, आणि नोझलच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन टोक खराब होते.

बहुतेक फिल्टरांच्या तळाशी पाणी साठण्याची जागा आणि ते काढायचा स्क्रू असतो. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला की इंजिन बंद करून तो स्क्रू सैल करावा आणि निघेल ते काचेच्या बरणीत धरावे. थोड्या वेळाने वर पिवळसर डिझेल आणि खाली पाण्याचा स्वच्छ थर वेगळा दिसतो. तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकीच गंजू लागली आहे; अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही.

फिल्टर तुंबला की भरलेली गाडी चढावर दम टाकते, मिसिंग करते, सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. पण तिथवर थांबूच नये. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि सतत धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याच्याही आधी बदललेला बरा.

बदलण्याचे काम अवघड नाही, नाजूक आहे. एरवी पंपाकडे जाणारा मार्ग बंदिस्त असतो. तो उघडा पडतो नेमका याच वेळी. म्हणून पान्याला हात लावण्याआधी फिल्टर आणि त्याच्या भोवतालची माती पुसून काढावी. इंजिन थंड हवे, जवळ विडी-सिगारेट नको. खाली ट्रे ठेवून आधी डिझेल काढून टाकावे, पाण्याच्या सेन्सरची वायर सोडवावी, मग पाइप. कुठला पाइप आत येणारा आणि कुठला बाहेर जाणारा याची खूण करावी आणि उघडी तोंडे लगेच झाकावीत. सूत सुटणारी चिंधी इथे वापरू नये. जुनी रबर रिंग फिल्टर बसतो त्या जागेला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. पान्याने पिळून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायचा प्रघात अनेक गॅरेजांत आहे. इंजिन लवकर सुरू होते, हे खरे. पण बाहेर जाणाऱ्या तोंडातून ओतलेले ते डिझेल न गाळताच थेट पंपात जाते. इंजेक्टरच्या किमतीपुढे वाचलेली ती दोन मिनिटे महागच पडतात.

मग उरते फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा; ती काढावी लागते. जुन्या पंपाच्या गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट सैल करून हँड प्रायमर मारतात. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि सलग डिझेलची धार आली की बोल्ट आवळतात. कॉमन रेलच्या गाडीत हँड प्रायमर असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबावा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी काही वेळा चालू-बंद करून पंपालाच डिझेल ओढू द्यावे. इंजेक्टरकडे जाणारे पाइप मात्र हवा काढण्यासाठी कधीही सैल करू नयेत. तिथल्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते आणि छोटीशी दिसणारी ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. सेल्फही दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. कोरडा फिरणारा पंप स्वतःलाच झिजवतो.

काढलेले डिझेल नालीत न ओतता डब्यात ठेवावे, जुना फिल्टर निथळून घ्यावा. इंजिन सुरू झाल्यावर सगळे जोड कोरडे आहेत का ते पाहतातच, पण एक दोष तेव्हा दिसत नाही. टाकीकडून डिझेल ओढले जाते त्या बाजूचा जोड सैल राहिला तर डिझेल गळेलच असे नाही. उलट हवा आत शिरते. गाडी दिवसभर बरी चालते आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायला वेळ लावते. असे झाले तर नव्या फिल्टरला दोष देण्याआधी त्या बाजूचे क्लिप आणि रबर रिंग पुन्हा तपासावेत.