वारली स्त्रिया: चळवळ, कला आणि लेखन

पालघर जिल्ह्यातील वारली स्त्रियांचा वेठबिगारीविरोधी लढ्यातील वाटा, त्यांची भित्तिचित्रे व लग्नगीते आणि त्यांच्याविषयीचे लेखन हे तीन विषय सहसा वेगवेगळे अभ्यासले जातात. प्रत्यक्षात प्रदेश एकच आहे: तलासरी-डहाणूपासून पालघर-बोईसरपर्यंतचा पट्टा. तो १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता.

लग्नगडी आणि १९४५ चा उठाव

लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणाऱ्या वारली तरुणाला त्याच्या फेडीसाठी सावकाराच्या शेतावर राबावे लागे. अशा गड्यास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज पुरुषाच्या नावावर असले तरी त्याच्या पत्नीलाही तेथेच राबावे लागे आणि मालकाच्या लैंगिक अत्याचारापासून तिला कोणतेही संरक्षण नसे. वेठीचा प्रश्न त्यामुळे प्रारंभापासून स्त्रियांचाही होता. इतिहासात तो मुख्यतः मजुरीचा व जमिनीचा म्हणून नोंदला गेला.

मे १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांची सभा भरली आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडण्याचा निर्धार करण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) कायद्याच्या पदवीधर होत्या. शहरी, सुशिक्षित स्त्री आणि पाड्यावरील स्त्री यांच्यातील अंतर भाषणांनी मिटणारे नव्हते. परुळेकर पायी हिंडल्या, झोपड्यांतून राहिल्या आणि जे मिळेल ते खाल्ले. या अनुभवांवरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षाही झाल्या.

चौक आणि धवलेरी

विवाहप्रसंगी सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ काढतात. वारली बोलीत चौक ‘लिहिला’ जातो. अक्षरओळख नाकारल्या गेलेल्या समाजाच्या संदर्भात हा शब्दप्रयोग लक्षणीय आहे. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. विवाहविधीतील गीते ‘धवलेरी’ ही स्त्री गाते. तिच्यावाचून विधी पुढे सरकत नाहीत. चित्र आणि मंत्र अशा दोन्ही बाबतींत अधिकार स्त्रीकडे असणे ही भारतीय विवाहपरंपरेत विरळ गोष्ट होय.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर व शहरांत आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. म्हशे यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तथापि भिंतीवरून कागदावर येताना स्त्रियांची कला बव्हंशी पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यशोधरा डालमिया यांच्या १९८८ मधील इंग्रजी ग्रंथामुळे चौकामागील विधी व कथा अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या.

नंतरचा काळ

१९७० च्या दशकात पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखालील भूमिसेनेने वेठबिगार व जमिनीचे प्रश्न हाती घेतले. डहाणू परिसरात कष्टकरी संघटना उभी राहिली. १९८१ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय जनवादी महिला संघटनाही तलासरी-डहाणूत कार्यरत आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्र (१९६९) आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे किनारपट्टीचे अर्थकारण बदलले. पाड्यांवरील स्त्रिया सावकाराच्या शेताऐवजी ठेकेदाराच्या हजेरीपटावर आल्या. वाढवण बंदराच्या विरोधातील आंदोलनात आदिवासींबरोबर मच्छीमार समाजातील स्त्रियाही उतरल्या आहेत.