मावशी, जरा सरका!

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या स्टँडवरून मोखाड्याची एसटी सुटायच्या बेतात असते. आत पाय ठेवायला जागा नसते. कंडक्टर गर्दीतून वाट काढत ओरडतो, “मावशी, ती पाटी सीटखाली सारा. आजोबा, पुढे व्हा. ओ दादा, दार सोडा. ताई, सुट्टे काढून ठेवा.” अर्ध्या मिनिटात चार नाती! त्याला यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नसतं. तरीही हाक आपल्यालाच आहे हे चौघांनाही बरोब्बर कळतं. गाडीत मावशी म्हणण्याजोग्या दहा बाया असतात, पण पाटी सरकवते ती एकच. मला तर हा रोजचा चमत्कार वाटतो.

कंडक्टरने एका नजरेत काय काय जोखलेलं असतं ते पाहा. वय तर आलंच. पण त्याच वयाची बाई खांद्याला पर्स लावून उभी असती, तर ती ‘मॅडम’ झाली असती, फार तर ‘काकू’. डोक्यावर पाटी आणि अंगावर लुगडं, म्हणून ‘मावशी’. काकू काय, मावशी काय, दोन्ही हाकांत आदर आहे, दोन्ही घरातल्याच. पण दोघींच्या मधून ऐपतीची एक बारीक रेघ गेलेली आहे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात जा नाहीतर मुंबईच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात, वाटणी तीच. डॉक्टर ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, फरशी पुसणारी ‘मावशी’, वॉर्डबॉय ‘मामा’. यातलं ‘सिस्टर’ हेही मुळात नातंच. पण नातं इंग्रजीत गेलं की त्याचा हुद्दा होतो! आश्रमशाळेतही वर्गात ‘सर’ नि ‘मॅडम’, आणि मावशी सापडते ती स्वयंपाकघरात.

मराठीत नात्यांचे शब्द भरपूर आहेत. परक्या माणसाला लावायला मात्र त्यांतले मोजकेच बाहेर निघतात. दीर, नणंद, जाऊ, साडू, विहीण ही मंडळी कधी उंबरा ओलांडत नाहीत, आणि कुणी अनोळखी माणसाला मेहुणा म्हणालं तर मारामारीच व्हायची. स्वतःच्या लग्नातून आलेलं नातं रस्त्यावर वापरायचं नाही, हा नियम कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही. तरी पाच वर्षांचं पोरही तो चुकवत नाही.

बरं, मदत मागायची वेळ आली की मामा आणि मावशीच का आठवतात? माझा तर्क असा, की आईकडच्या नात्यांत शेताचा बांध येत नाही. काका म्हणजे वडिलांच्या जमिनीतला वाटेकरी. ‘भाऊबंदकी’ हा शब्द आजोळला कधी चिकटत नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यात नाव आलं ते सख्ख्या काकाचं. उलट ‘माय मरो, मावशी जगो’ असं आपण सहज म्हणून जातो, आणि सुट्टी लागली की पोरं जातात मामाच्या गावाला. चौकातल्या हवालदाराला ‘मामा’ म्हणण्यात थोडी लाडीगोडी असते, थोडी टिंगलही. अर्थात माझा हा तर्क ‘काका’ या हाकेपाशी अडखळतो. रिक्षावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे आता काकाच आहेत.

आत्याचं कोडं मात्र खरोखर नवलाचं. मावशीइतकीच जवळची, तरी परक्या बाईला कुणी ‘आत्या’ म्हणून हाक मारत नाही. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंस्थेवर आपला मोठा इंग्रजी ग्रंथ काढला. त्यात महाराष्ट्रातली मामाची मुलगी करण्याची रीत सविस्तर आली आहे. ही रीत जिथे चालते तिथे मुलाचा मामाच त्याचा सासरा होतो, आणि मुलीची आत्याच तिची सासू. म्हणजे ‘आत्या’ या शब्दाला सासूचा वास आहे. भाजी घेताना तो कोण जवळ करील?

पालघरच्या या पट्ट्यातली बोली आणखी एक गंमत करते. उत्तर कोकणात आईबापांबद्दल बोलताना ‘आयस’, ‘बापूस’ म्हणतात, पण समोर हाक मारताना शब्द बदलतो. सांगायचं नातं वेगळं, बोलवायचं वेगळं. प्रमाण मराठीतही ‘वडील’ सांगायला आहे, हाक मारायला ‘बाबा’. आणि हा ‘बाबा’ तरी एका जागी कुठे बसतो? आई तान्ह्या लेकाला “जेव रे बाबा” म्हणते. कंटाळलेला माणूस “नको रे बाबा” म्हणतो, तेव्हा समोर बाप नसतोच.

नातं माणसांपाशीही थांबत नाही. चंद्र मामा झाला, मांजर वाघाची मावशी झाली. आणि खुद्द वाघाला आदराचा ‘बा’ लावून वारली लोकांनी वाघोबा केला. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदली गेली. बिबट्या अजूनही फिरतो अशा रानात त्याच्याशी बोलायचं, तर नातं लावून बोललेलं बरं.

हे आपलंच वैशिष्ट्य असं कुणी समजू नये. फ्रेंचांच्या ‘ओंक्ल’ या एकाच शब्दात काका आणि मामा दोघे मावतात, आणि ‘बेल-मेर’ म्हणजे सासूही आणि सावत्र आईही. नात्यांत इतकी काटकसर करणाऱ्या या लोकांनी 1981 ते 1995 राष्ट्राध्यक्ष असलेल्या मितराँ यांना टोपणनाव दिलं ‘तोंतों’, म्हणजे लहान पोरं काकामामांना मारतात ती हाक. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये तर फ्रेंच बोलताना बाजारातल्या वडीलधाऱ्या बाईला ‘तांती’ म्हणतात. आपली मावशीच ती!

पालघरच्या इतिहासात या हाकांना वजनही आलं. 1945मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर ‘गोदूताई’ झाल्या. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या वाघबाई सर्वांच्या ‘अनुताई’. जमीनदार मात्र ‘शेठ’ तो ‘शेठ’च राहिला. आज पाड्यावरची अंगणवाडी सेविकाही ‘ताई’ आहे आणि आशा सेविकाही ‘आशाताई’. सरकारी कागदावर त्यांचं पदनाम काहीही असो.

पुढच्या वेळी एसटीत बसाल तेव्हा कान उघडे ठेवा. किती नाती ऐकू आली ती मोजा, आणि एखाद्या कंडक्टरने “आत्या, जरा सरका” म्हटलेलं कानावर पडलंच, तर मला जरूर कळवा.