शहात्तर मिनिटांची फेरी

रविवार, सकाळचे साडेदहा. चारकोपमधल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दहा-बारा जण दाटीवाटीने बसलेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर स्केचपेनने काढलेला नकाशा भिंतीला चिकटवलाय. डावीकडे सेक्टर, मधून न्यू लिंक रोड, उजवीकडे कांदिवली स्टेशन. बसमार्गात काय बदल हवेत, याचा अर्ज आगारात द्यायचाय. तासभर खल चाललाय, कागदावर अजून फक्त 'प्रति' एवढंच आहे.

"बस सरळ न्या ना काका," कोपऱ्यातली मुलगी म्हणते. तिला रोज अंधेरी गाठायची असते. "सगळे सेक्टर फिरत बसली तर मेट्रोपर्यंत रिक्षाच बरी."

तिचं चूक नाही. 2 एप्रिल 2022 ला 'मेट्रो 2 अ'चा पहिला टप्पा सुरू झाला तो इथल्याच डहाणूकरवाडीपासून दहिसरपर्यंत, आणि पुढल्या जानेवारीत गाडी अंधेरीला पोचली. तोवर सकाळी चारकोपचा माणूस निघाला की स्टेशनकडेच निघायचा. आता अर्धी गर्दी लिंक रोडवरच उतरते.

"सरळ नेशील गं," समोरच्या आजी म्हणतात. "मी त्या नाक्यापर्यंत येऊ कशी? गुडघे तू देणारेस?" त्यांना दर महिन्याला शताब्दी रुग्णालयात जावं लागतं, गोळ्या आणायला. रिक्षाचा खर्च झेपत नाही. 2019 च्या जुलैत बेस्टने किमान भाडं 5 रुपयांवर आणलं तेव्हा त्या खूश होत्या. मे 2025 पासून ते 10 झालंय, एसीचं 12. "दहा तर दहा, पण दारात यायला हवी."

खोली दोन तटांत विभागली जाते. आवाज चढतात. रिक्षावाल्यांचा विषय निघतो, मग पार्किंगचा, मग उगाचच पाण्याचा.

इतका वेळ गप्प बसलेले एक काका आता खुर्ची पुढे ओढतात. बसचौकीवर स्टार्टर म्हणून उभा जन्म गेला त्यांचा. ते चहाचे चार रिकामे ग्लास टेबलावर ओळीने मांडतात.

"या चार गाड्या. जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरचा दम धरून, फेरी समजा 60 मिनिटांची. म्हणजे गाडी किती वेळाने?"

"पंधरा मिनिटांनी," मुलगी म्हणते.

"बरोबर. आता आजींसाठी आत वळवली. जाताना 8, येताना 8. फेरी झाली 76 मिनिटांची. ग्लास तेवढेच. दर 19 मिनिटांनी गाडी. ती चार मिनिटं थांब्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसली."

"मग दोन सरळ, दोन आतून," कुणीतरी सुचवतं.

काका ग्लास दोन-दोन असे वेगळे करतात. "सरळवाली अर्ध्या तासाने, आतली 38 मिनिटांनी. चालेल?"

कुणीच बोलत नाही. मला शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित आठवतं. ते इतकं कुणाच्या गुडघ्यांवर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

काका किटलीजवळचा पाचवा ग्लास उचलून ओळीत ठेवतात. "76 भागिले 5. झाले पुन्हा जवळपास 15, आजींसकट. मार्ग कुठून न्यायचा ते नंतर भांडा. आधी एक गाडी मागा. पण गाडी म्हणजे नुसता पत्रा नव्हे. दोन्ही पाळ्यांना चालक लागतो, वाहक लागतो. तेही अर्जात लिहा."

अर्ज आता भराभर पुढे सरकतो. मुलगी मोबाइलवर टाइप करते, आजी 'नम्र विनंती' हे शब्द घालायला लावतात. शेजारच्या दुकानातून प्रिंट येते. खाली सह्यांचा तक्ता: नाव, सेक्टर, आणि काकांच्या आग्रहावरून तिसरा रकाना, 'आठवड्यातून किती वेळा बसने जाता?'

कागद फिरू लागतो. मघाशी सर्वांत मोठ्याने बोलणारे दोघे तिसऱ्या रकान्यापाशी थबकतात. माझ्याकडे येतो तेव्हा माझ्या मुठीत स्कूटरची किल्ली आहे. मी सही करतो आणि रकान्यात शून्य लिहितो.

आजी चष्मा लावून 'महिन्यातून एकदा' असं पूर्ण अक्षरात लिहितात. मुलीने आकडा खोडून पुन्हा लिहिलाय. काकांचा आकडा सहा.