रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतील धूळ

अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या ज्या इमारतीत १९०७ ते १९१९ या काळात संशोधन केले, अणुकेंद्राचा शोध लावला, तेथे पुढे मानसशास्त्र विभाग आला. माणसे गेली, पण रेडियम जात नाही. ते निम्मे व्हावयास सुमारे १६०० वर्षे लागतात.

तेथे काम केलेल्या काही जणांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा २००८ साली शंका निघाली, की जुनी द्रव्येच तर याला कारण नाहीत ना? विद्यापीठाने रोगप्रसाराचे अभ्यासक प्रा. डेव्हिड कॉगन यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपविली.

येथे आपण दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. इमारतीत द्रव्य आहे काय, हा एक. शरीरात किती गेले, हा दुसरा. आल्फा कणांना कातडीही अडविते. तीच धूळ श्वासावाटे वा अन्नाबरोबर आत गेली, म्हणजे मात्र घात करते. २००९ सालच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की या द्रव्यांमुळे ते रोग उद्भवले असण्याचा संभव फार थोडा. बहुधा तो योगायोगच.

‘योगायोग’ या शब्दाने घरच्यांचे दुःख हलके होत नाही, हे आपण जाणतो. म्हणूनच ते उत्तर अंदाजाने नव्हे, मोजून आणि उघडपणे दिले पाहिजे.