नोटेची पारख

डोंबिवलीच्या पूर्व भागांत स्थानकापासून मानपाड्याकडे जाणारा रस्ता सायंकाळीं माणसांनीं फुलून जातो. मुंबईहून परतलेला चाकरमाना लोकलमधून उतरतो, वाटेंतल्या दुकानांतून भाजी, दूध, पाव घेतो आणि ५०० रुपयांची नोट पुढें करतो. मोबाइलवरून पैसे देण्याची रीति कितीही रूढ झाली, तरी नोटेचा व्यवहार कांहीं संपलेला नाहीं. दुकानदार नोट घेतो, दिव्याकडे धरून क्षणभर पाहतो आणि मग गल्ल्यांत टाकतो. गिऱ्हाइकास याचा कधीं कधीं राग येतो. वास्तविक त्या क्षणीं दुकानदार गिऱ्हाइकाची परीक्षा करीत नसतो, कागदाची करीत असतो. आणि सुट्या पैशांबरोबर परत आलेल्या नोटेची अशीच परीक्षा करण्याचा हक्क गिऱ्हाइकासही आहे.

ही परीक्षा न केल्यास नुकसान कोणाचें होतें? खोटी नोट बँकेच्या खिडकीवर उघडी पडली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें तिच्यावर शिक्का मारून ती जप्त केली जाते. आणणारास पोंच मिळते; पैसे मिळत नाहींत आणि नोटही परत मिळत नाहीं. एका व्यवहारांत चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्यास बँक महिन्याच्या अहवालांत तें पोलिसांस कळविते. पांच किंवा अधिक निघाल्यास गुन्ह्याची नोंद होते. फसलेल्या माणसास अशा वेळीं ती नोट गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यांत बांधण्याचा मोह होतो. पण नोट खोटी आहे हें ठाऊक असतांना ती चालविणें हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. म्हणजे ज्याच्या हातांत नोट उघडकीस येते, त्याच्याच पदरीं नुकसान राहतें. म्हणून नोट पाहावयाची ती घेतांनाच.

कागदाचा खरेपणा कागदावरच नोंदवून ठेवण्याची युक्ति महाराष्ट्रास नवी नाहीं. शिवकालीन पत्राचा मजकूर जेथें संपे, तेथेंच मोर्तबाचा लहान शिक्का उमटवीत; त्यामुळें पुढें कोणास एक अक्षरही वाढवितां येत नसे. पत्र हातीं घेणारा माणूस प्रथम तो शिक्का पाही. खूण करणारा एक आणि खूण पाहणारा दुसरा, अशा दोघांच्या सावधपणावर त्या पत्राचा विश्वास उभा असे. आजच्या नोटेचीही गोष्ट निराळी नाहीं.

पूर्वीं भारताच्या नोटा इंग्लंडांतून छापून येत. १९२८ सालीं नाशिक रोड येथें नोटा छापण्याचें काम सुरू झालें आणि तें आजही चालू आहे. नोटेवर ज्या खुणा घातल्या जातात, त्यांच्यामागें एकच विचार आहे. नक्कल करणारें यंत्र कागदाकडे एकाच बाजूनें आणि एकाच कोनांतून पाहतें. जें समोरून दिसलें तेवढेंच त्यास उतरवितां येतें. माणूस मात्र कागद उचलतो, उजेडाकडे धरतो, कलता करतो, बोटानें चाचपतो. जी खूण अशा हालचालीनेंच प्रकट होते, ती यंत्राच्या नजरेंतून निसटते.

प्रथम नोट उजेडाकडे धरावी. उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेंत महात्मा गांधींची छाया आणि ५०० हा अंक दिसतो. हें जलचिन्ह होय. तें शाईनें छापलेलें नसतें. कागदाचा लगदा ओला असतांनाच त्याचा थर कोठें जाड, कोठें पातळ ठेवलेला असतो. पातळ जागेंतून उजेड अधिक येतो, जाड जागेंतून कमी. इटलींतील फाब्रियानो येथील कागद करणारांनीं ही कला तेराव्या शतकांत साधली होती. खोट्या नोटेवर ही छाया बहुधा फिक्या शाईनें छापलेली असते, म्हणून नोट मेजावर नुसती ठेवली असतांही ती दिसते. खरी छाया उजेड पाठीमागें आल्यावरच नीट उमटते. त्याच वेळीं डाव्या बाजूस पाहावें. तेथें ५०० या आंकड्याचा कांहीं भाग पुढच्या बाजूवर आणि उरलेला मागच्या बाजूवर छापलेला असतो. उजेडांत दोन्ही भाग तंतोतंत जुळून आंकडा पुरा होतो.

मग नोट कलती करावी. उजव्या कोपऱ्यांत खालीं रुपयाच्या चिन्हासह असलेला ५०० हा आंकडा समोरून हिरवा दिसतो. नोट कलतांच तो निळा होतो. मधला धागाही तसाच रंग पालटतो. यांत जादू नाहीं. पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर तेलाचा थेंब पसरला म्हणजे त्यांत इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर आणि मोरपिसावरही रंगांचा तोच खेळ असतो. अतिशय पातळ थरावर प्रकाश पडला कीं त्याचा कांहीं अंश वरच्या पृष्ठावरून परततो आणि कांहीं खालच्या पृष्ठावरून. हे दोन अंश पुन्हा एकत्र येतात, तेव्हां कांहीं रंगांच्या लाटा एकमेकींस बळ देतात आणि कांहीं एकमेकींस मारतात. थर कलला म्हणजे दोन वाटांतील फरक कमी होतो आणि आंखूड लाटेच्या रंगास बळ मिळतें. हिरव्यापेक्षां निळ्याची लाट आंखूड आहे. म्हणून हिरवा जाऊन निळा येतो. नोटेच्या या शाईंत अशाच थरांचे बारीक कण असतात आणि एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. साध्या शाईंत हे थर नसल्यामुळें छापलेला हिरवा रंग कितीही कलविला तरी हिरवाच राहतो.

नोट डोळ्यांच्या रेषेंत आडवी धरली असतां आणखी एक लपलेला ५०० दिसतो. तेथें उंचवट्याच्या बारीक रेषा असतात. अंकाच्या आंत त्यांची दिशा एक आणि बाहेर दुसरी. समोरून सर्व रेषा सारख्याच भासतात, पण कडेनें पाहिल्यास एका दिशेच्या रेषा उजळतात आणि दुसऱ्या काळवंडतात. हा उंचवटा बोटांसही कळतो. महात्मा गांधींचें चित्र, अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांवरील पांच तिरप्या रेषा हातास खरखरीत लागतात. दृष्टि नसलेल्या माणसास नोट ओळखतां यावी म्हणून केलेली ही सोय डोळस माणसाच्याही उपयोगी पडते.

परंतु खूण केली म्हणजे काम संपलें असें नाहीं, हा धडा महाराष्ट्रास मुद्रांकांच्या प्रकरणानें दिला. घराच्या खरेदीपासून कर्जाच्या करारापर्यंत लागणारा मुद्रांकित कागदही नाशकासच छापला जाई. अब्दुल करीम तेलगी यानें तेथून निकामी म्हणून निघालेलीं यंत्रें मिळवून बनावट मुद्रांकांचा मोठा व्यापार मांडला, आणि बँका व विमा कंपन्या यांसारख्या जाणत्या संस्थांच्या हातींही ते कागद गेले. २००१ सालीं त्यास अजमेर येथें अटक झाली. २००७ सालीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें त्यास सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड अशी शिक्षा दिली. कागद ओळखीचा दिसला, आणि ओळखीचा दिसला म्हणूनच तो खरा मानला गेला.

आतां मोठ्या दस्तांचें मुद्रांकशुल्क संगणकाद्वारां भरतां येतें आणि पावतीचा क्रमांक सरकारी नोंदींशीं ताडून पाहतां येतो. नोटेस ही सोय नाहीं. मानपाडा रस्त्यावरच्या दुकानदारापाशीं नोटेचा क्रमांक पडताळण्याचें कोणतेंही साधन नसतें. त्याच्यापाशीं असतो एक दिवा, दोन डोळे आणि दहा बोटें. एकाच खुणेवर विसंबूं नये. निदान दोन पाहाव्यात, एक उजेडाकडे धरून आणि एक कलती करून. घरांतील मुलांस आणि वृद्धांस एखाद्या संध्याकाळीं खरी नोट हातीं देऊन या खुणा दाखवून ठेवाव्यात. नाशिकच्या मुद्रणालयानें आपलें अर्धें काम केलेलें असतें. उरलेलें अर्धें, नोट घेणारा हात ती उजेडाकडे नेतो, तेव्हांच पुरें होतें.