पूर्ण मनानं: बुलढाण्याच्या घाटावरची एक ख्रिस्ती परंपरा

मलकापूर स्टेशनापासून बुलढाणा पंचेचाळीसेक किलोमीटर. मोताळा मागं पडला की राजूर घाट लागतो, कपाशीचा काळाभोर सपाट मुलूख खाली राहतो आणि रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढतो. गाव कोणतं हे विचारलं तर इथली माणसं आजही आधी ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ ते सांगतात. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरचं, वऱ्हाडच्या मानानं थंड असलेलं हे ठाणं इंग्रज अधिकाऱ्यांना मानवलं. मिशनऱ्यांनाही मानवलं. १९०४ साली लेटन ट्रेसी नावाचा विशीतला कॅनेडियन तरुण बुलढाण्यात येऊन राहिला. पुढची तीसेक वर्षं त्यानं याच भागात काढली.

ट्रेसी ज्या छोट्या अमेरिकन संघटनेकडून आला होता ती १९०७ साली लॉस एंजेलिसच्या फिनियस ब्रिझी यांच्या चर्चशी एक झाली. १३ ऑक्टोबर १९०८ रोजी टेक्सासमधल्या पायलट पॉइंट या गावी आणखी एक गट येऊन मिळाला, आणि हीच तारीख ‘चर्च ऑफ द नाझरीन’चा अधिकृत जन्मदिवस ठरली. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या पंथाहून त्याचं बुलढाण्याचं काम वयानं मोठं आहे! आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

वऱ्हाडात त्याआधीही मिशनं होती. अकोला हे मुख्य ठाणं करून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम चालू होतं, खामगावातही होतं. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडे, ते बुलढाण्याकडे आलं १९०५ साली.) यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट होते. मग बुलढाण्याच्या या मंडळींचं वेगळेपण कशात होतं? पंथ म्हणून त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: देवावर पूर्ण मनानं प्रीती करता येते का, आणि ती याच जन्मात, याच संसारात करता येते का?

ही आज्ञा जुनी आहे. मोशेच्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती येते. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा त्यानं हीच सांगितली आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तिला जोडून दिली. ख्रिस्ती माणसं हे रोज ऐकतात, मान डोलावतात आणि अवघड म्हणून बाजूला ठेवतात. अठराव्या शतकात जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकानं ते बाजूला ठेवायला नकार दिला. ‘ख्रिस्ती पूर्णता’ या विषयावरचं त्याचं पुस्तक १७६६ साली निघालं. माणूस चुकतो, विसरतो, आजारी पडतो, अडाणीही असतो, आणि यातलं काही कधी सुटत नाही, हे वेस्लीला पुरतं मान्य होतं. पण माणसाचा हेतू एक होऊ शकतो, मनातली दुफळी मिटू शकते, असं तो म्हणे. नाझरीन मंडळी यालाच संपूर्ण पवित्रीकरण म्हणतात. तारण हा पहिला अनुभव, आणि देवाला सर्वस्व वाहून दिल्यावर येतो तो दुसरा.

यात धोका उघड आहे. ‘मला तो अनुभव आला’ असं सभेत उभं राहून सांगणं सोपं असतं, आणि ते सांगणाऱ्याच्या घरच्यांना काय सोसावं लागतं ते मंडळीला दिसत नाही. बुलढाण्याच्या मिशनला ही परीक्षा फार लवकर द्यावी लागली. ट्रेसींच्या आधी आलेले संस्थापक एम. डी. वुड थोड्याच वर्षांत मतभेदांतून बाहेर पडले. पूर्ण प्रीतीची शिकवण द्यायला सातासमुद्रापलीकडून आलेल्या मूठभर माणसांचंही एकमेकांशी पटेना. मला यात थट्टेसारखं काही वाटत नाही. शिकवण मोठी असली की तिच्या सावलीत माणसाचं उणं जास्त ठळक दिसतं, एवढंच.

त्याच सुमाराला, १९०५ च्या जूनमध्ये, केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जागृतीची लाट आली. रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीपासून मुलींचे गट करून रोजची प्रार्थना चालवली होती. मग मुली रडू लागल्या, आपली पापं मोठ्यानं कबूल करू लागल्या, तास न् तास एकत्र प्रार्थना करू लागल्या. या घटनेचा गाजावाजा जगभर झाला. बुलढाण्याच्या परंपरेचा सूर मात्र वेगळा राहिला. मूळ संस्थेच्या नावात ‘पेंटेकॉस्टल’ हा शब्द होता, पण अन्य भाषांत बोलण्याच्या चळवळीशी आपली गल्लत नको म्हणून १९१९ साली या पंथानं तो काढून टाकला. उमाळा त्यांना वर्ज्य नव्हता. पण उमाळा ओसरल्यावर माणूस दारू सोडतो का, उधारी फेडतो का, भावाशी बोलू लागतो का, यावर त्यांचा डोळा असे.

होलीनेस, म्हणजे पवित्रीकरणावर भर देणाऱ्या, सभांमध्ये साक्ष देण्याची जी रीत आहे तिचा गाभाही हाच. साक्ष देणारा देवानं आपल्याला काय दिलं ते तर सांगतोच, शिवाय आपण कोणाचं काय परत केलं तेही त्यानं सांगावं अशी अपेक्षा असते. वऱ्हाडात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यानं वर्षानुवर्षं शेजाऱ्याचा बांध कोरला, त्यानं गुडघे टेकून कितीही अश्रू ढाळले तरी सोमवारी नांगर कुठून वळतो, ते अख्खा गाव बघत असतो.

आता प्रार्थनेकडे येतो. या मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेइतकंच महत्त्व आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभेला असतं. सतरंजी अंथरलेली, चपलांचा ढीग दाराशी, एखादी ढोलकी, आणि हातोहात फिरून पानं सैल झालेलं ‘उपासना संगीत’. गाणी प्रमाण मराठीत, शास्त्रपाठही प्रमाण मराठीत. प्रार्थना सुरू झाली की भाषा घरची होते. घाटाखालच्या एका गावी अशा सभेत एका वयस्क बाईंना मी ऐकलं होतं: “बापा, सोयाबीन घरात येऊ दे. पन माह्या आंधी शेजारनीचं येऊ दे, तिच्यावर कर्ज जास्त हाये.” एवढं बोलून त्यांनी पदर सावरला आणि पुढचीला बोलू दिलं.

वेस्लीचं अख्खं पुस्तक एका बाजूला आणि हे वाक्य दुसऱ्या बाजूला. बाईंनी मागणं सोडलेलं नाही. सोयाबीन हवंच आहे, ते का नको असावं? मागण्यांचा क्रम तेवढा बदललाय. देवावर प्रीती करणारा माणूस मागणं बंद करतो, असा एक उंची गैरसमज शिकलेल्या लोकांत असतो. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर आहे, पण ती देवाच्या नावानंतर आणि त्याच्या इच्छेनंतर येते. तसंच, देवाशी बोलायची सवय लागली की गुडघे टेकायची वेळ आणि बाकीचा दिवस यांतली भिंत पातळ होत जाते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सबद्दल ख्रिस्ती जगात हेच सांगतात. मराठी माणसाला त्यासाठी पॅरिसला जायचं कारण नाही. त्याला जनाबाईचं जातं ठाऊक आहे.

हा धागा मराठी ख्रिस्ती मनात कोणी घट्ट विणला असेल तर तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं. डोंगरावरच्या प्रवचनानं ते झपाटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. मराठी चर्चमध्ये आज गायली जाणारी कितीतरी पदं त्यांची आहेत. नाशिककडून नागपूरला जाणारी तेव्हाची गाडी मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जाई, तेव्हा हा मुलूख टिळक दांपत्यानं डब्याच्या खिडकीतून तरी पाहिला असणारच.

पण पूर्ण मनाच्या प्रीतीचा हिशेब बघायचा तर मी टिळकांआधी लक्ष्मीबाईंकडे जातो. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं एकत्र आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं कोणाच्या उपदेशानं सुटलं नाही. माणसामाणसांत देवानं भेद केला असेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला, आणि उत्तर मिळाल्यावर आधी पाणी बदललं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. टिळकांचं औदार्य तर दांडगंच. पैसा हातात टिकायचा नाही, दुष्काळातली पोरकी मुलं घरी यायची, पाहुण्यांना अंत नसायचा. नवऱ्याच्या देवभक्तीसाठी रोजची चूल पेटवायची ती बायकोनं! ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्यात धार आहे. ख्रिस्ती भक्तीवर प्रवचन देणाऱ्या प्रत्येक पाळकानं ते पुस्तक एकदा याच नजरेनं वाचावं. एकाच्या समर्पणाचा खर्च बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर पडतो. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना. १९१९ साली ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं.

बुलढाण्याच्या मिशनचं पुढचं मोठं काम शेजारच्या वाशीमला उभं राहिलं. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये आल्या आणि १९३८ मध्ये तिथल्या एका जुन्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. डॉ. एव्हलिन विथॉफ यांचं तर भारतात पोचणंच लांबलं. वाटेत फिलिपाइन्समध्ये युद्धानं गाठलं आणि जपान्यांच्या छावणीत त्यांना तीनेक वर्षं काढावी लागली. सुटका झाल्यावर त्यांनी भारतात येऊन काम केलंच. या दवाखान्याची ओळख वऱ्हाड-मराठवाड्याच्या सीमेवरच्या खेड्यांना बाळंतपणासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी झाली. पवित्रीकरणाचा सिद्धान्त तिथल्या रुग्णांपैकी किती जणांना कळला कोणास ठाऊक. कळायला हवाच होता, असंही मला वाटत नाही.

डॉक्टरांच्या त्यागाची पुस्तकं निघतात. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबाला जे द्यावं लागलं ते सरकारी कागदात दडलेलं आहे. वऱ्हाडातल्या मंडळ्यांमधली बरीच घरं अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना अद्याप नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागं विदर्भातला महार समाज बौद्ध झाला आणि एकाच वस्तीत विहार आणि चर्च अशी दोन वळणं दिसू लागली. दाखल्याच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिलं की मुलाच्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा हिशेब बदलतो. हे ठाऊक असून तो शब्द लिहिणाऱ्या आईबापांची प्रीती पूर्ण की अपुरी, हे मोजायला कोणत्याही सभेतल्या साक्षीची गरज नाही. आणि जे तो लिहीत नाहीत, त्यांना नावं ठेवायचा अधिकार निदान पोट भरलेल्यांना नाही.

ट्रेसींचं चरित्र त्यांच्या मुलीनं, ऑलिव्ह ट्रेसी यांनी, लिहिलं. मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल अमेरिकेत जपून ठेवलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकरच्या मंडळ्यांतल्या पहिल्या पिढ्या मात्र कागदावर जवळजवळ नाहीत. लक्ष्मीबाईंसारखी लिहिती बाई प्रत्येक गावाला मिळत नाही. तरी मंडळीच्या जुन्या नोंदवह्या आहेत, बाप्तिस्म्याचे दाखले आहेत, कोणाच्या आजीनं बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या तारखा आहेत, आणि नव्वदी ओलांडलेली काही माणसं अजून बोलती आहेत. पाळकांना, चर्चच्या तरुण संघांना आणि अमरावती विद्यापीठात स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: या वह्यांची छायाचित्रं काढून ठेवा, आणि या म्हाताऱ्यांच्या प्रार्थना त्यांच्याच वऱ्हाडीत, प्रमाण मराठीची इस्त्री न फिरवता, टिपून घ्या. नाताळला गावी जाल तेव्हाच सुरुवात करा. सगळी पांगलेली माणसं तेव्हाच घरी असतात.